मेजरांच्या भिंतीवरच्या अकरा बायका

पलूसला आमच्या शेजारी राहणाऱ्या मेजरांनी आपल्या एकुलत्या एका चित्राचा जेवढा छळ केला, तेवढा जगात दुसऱ्या कुणी कुठल्याच चित्राचा केला नसेल. ते खरे मेजर नव्हेत. आमच्याकडे फौजेतून पेन्शनीत आलेला कुणीही मेजरच असतो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर ते हैतीला, म्हणजे पार कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर राहून आले आणि तिथल्या फुटपाथवर बसणाऱ्या एका चित्रकाराचं चित्र गुंडाळून घेऊन आले. भर उन्हातला बाजार, एक निळं गाढव आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या अकरा बायका. बायका घरांहून उंच, सावली कुणालाच नाही. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण असला बेधडक पिवळा रंग मला जन्मात जमला नाही.

रोज सकाळी दाढी झाली, की मेजर चौकटीला ओळंबा लावून ती सरळ आहे ना ते बघतात. एवढ्यावर थांबते तर मी कशाला बोललो असतो! दर रविवारी गाद्यांबरोबर चित्रही अंगणात उन्हाला पडतं, का तर बुरशी धरू नये. दिवाळीला त्याला खोबरेल तेलाचा हात, आणि वर मलाच शिकवणार, "बुटाचं कातडं तडकू ने म्हून तेल लावतो का न्हाई? तसंच हाय की ह्ये." मी ओरडलो, "अहो, तो रंग आहे, बूट नव्हे!" तर त्यांनी शांतपणे माझ्यापुढे चहा ठेवला.

यंदा रंगाचे पोपडे सुटायला लागले तेव्हा मात्र मेजरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. आम्ही चित्र घेऊन सांगलीला एका फ्रेमवाल्याकडे गेलो. त्यानं डोळे बारीक केले नि म्हणाला, "पोरानं काढलंय व्हय? हातपाय बेढब हैत. प्रमाणात करून देतो, वर वॉर्निश मारतो." मेजरांनी चित्र उचललं आणि सरळ एसटी स्टँडची वाट धरली. मी मागे थांबून त्या शहाण्याला चार शब्द सुनावले, शेजारची दोन दुकानं ऐकतील एवढ्या आवाजात.

घरी येऊन मी भिंग लावून बसलो आणि माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं ज्यांना मी चित्रातलेच लाल ठिपके समजत होतो, ते अकराही बायकांच्या कपाळावरचं कुंकू! तेलात कालवून बोटानं लावलेलं, थरावर थर चढलेलं. पोपडे सगळ्यात जास्त तिथंच सुटले होते.

"चित्राला काच नाही, आणि तुम्ही कुंकू लावता? देवी आहेत का या?"

"देवी कशाच्या?" मेजर खाली बघत म्हणाले. "गेलेल्या माणसाच्या फोटूला लावत्यात न्हवं? ह्या चित्र काढणाऱ्याच्या गल्लीतल्या बायका. छावणीला भाजी ह्याच आणायच्या. भूकंपात गल्ली बसली. आमी चार दिवस ढिगारा उपसत हुतो, मास्तर. एक बी जित्ती गावली न्हाई. फोटू तरी कुणाचा असणार? चित्र तेवढं मी आदीच इकत घेतलेलं."

इतक्या वर्षांच्या माझ्या आरडाओरड्याची मला लाज वाटली. जमेल तेवढ्या हलक्या आवाजात मी म्हणालो, "काच बसवू. मधे बोटभर जागा सोडू. मग काचेवर खुशाल लावा."

"आन् आदीचं? काढाय लागंल?"

चित्र जगवायचं तर काढायलाच हवं, हे मला पक्कं ठाऊक होतं. "राहू दे," मी म्हणालो.

मेजरांनी कोपऱ्यातल्या एकीवर बोट धरलं, पण टेकवलं नाही. "ही मला पोरगा म्हणायची तिच्या भाषेत. रोज एक लिंबू जादा द्याची. हिचं नाव तेवढं इचारायचं ऱ्हाऊन गेलं बगा."

त्या चुकीबद्दल मात्र मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.