गुंडाळीतला कागद

माझा धाकटा भाऊ किनाऱ्यावरच्या एका कंपनीत सोनार यंत्रणेचे अ‍ॅम्प्लिफायर बनवत असे. पाण्याखाली ध्वनी सोडायला लागणारी मोठी शक्ती ते पुरवतात. त्यातले स्विच सेकंदाला लाखभर वेळा पूर्ण उघडतात, पूर्ण मिटतात. त्यामुळे उष्णतेत वीज फारशी वाया जात नाही. किडन्या निकामी झाल्यावर तो कळंबला माझ्याकडे आला. शेवटचा आराखडा त्याने डायलिसिससाठी यवतमाळला जावे लागत नसे त्या दिवसांत पुरा केला.

त्याचे हात कापत, म्हणून त्यातली तारेची गुंडाळी मी, गावच्या बातमीदाराने, केली.

"दादा, बातमी नाही ते. सावकाश गुंडाळ."

"मग तूच कर ना."

"हात चालले असते तं तुले कायले बोलावलं असतं?"

गुंडाळीत फेराइटचे, म्हणजे चुंबकीय गाभ्याचे, दोन तुकडे समोरासमोर बसतात. त्यांच्यामध्ये ड्रॉइंगच्या जाड कागदाच्या चार पट्ट्या ठेवायच्या होत्या. तो कागद घरात नव्हता. मी वर्तमानपत्राच्या चार पट्ट्या कापून ठेवल्या, वरून टेप लावला. त्याला सांगितले नाही. चार म्हणजे चार, एवढेच मी पाहिले.

घरी कमी शक्तीवर बल्ब जोडून घेतलेली चाचणी नीट झाली. मग तो कंपनीत पाठवला; तिथे पूर्ण शक्ती देताच सगळे स्विच जळाले.

त्याने वही काढली. "माह्यं गणित चुकलं, दादा. कुठं, ते सापडून नाही राह्यलं."

आठ दिवस तो तीच पाने तपासत होता. ताट तसेच राहायचे. नवव्या दिवशी मी विचारले, कागद पातळ असला तर काय होते?

"फट कमी पडते. फेराइटले करंट झेपत नाही, मंग स्विच जळतात. पण तू तं जाडच टाकला ना?"

"हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कंपनीतल्या सहकाऱ्याला ईमेलने खरे लिहिले. उत्तर आले की भावाला दाखवू, असे ठरवले. त्याच आठवड्यात भाऊ गेला. तो गेल्याचे कंपनीला मी कळवले नव्हते.

तेराव्याच्या सकाळी सहकाऱ्याचे उत्तर आले: जाड कागद घालून नवी गुंडाळी बसवली. अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण शक्तीवर दिवसभर चालला, जेमतेम कोमट झाला. सरांच्या गणितात कुठेही चूक नाही. त्यांना आजच सांगा.