बुजवलेला चर

बारामतीत बसून मी बरीच वर्षं दुष्काळाच्या बातम्या लिहिल्या. त्यामुळे लासुर्ण्याच्या आत्यानं घरामागची बाग नव्यानं आखून मागितली, तेव्हा मी एकच धरून चाललो : पुढं पाणी कमी पडणार.

केळी आणि अळू काढले. अडुळसा, कोरफड, करवंद लावलं. झाडांची आळी खोल करून वर उसाचं पाचट अंथरलं. बागेच्या उताराकडं गुडघाभर खोल जुना चर होता. कालव्याखालच्या काळ्या रानात जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून असे चर काढतात. ते मला माहीत होतं. तरी मी तो बुजवायला लावला.

शेजारचे तात्या कुंपणापाशी आले. "चर का बुजवला रं?"

"पाणी हितंच मुरू दे, तात्या. बाहेर कशाला घालवायचं?"

"आन् पाऊस लागला म्हंजी?"

"लागू तर द्या आधी."

"तुज्या पेपरात इचारून येणार हाय व्हय त्यो?"

आत्या हसली. तिला काळजी होती ती कागदी लिंबाची. तिच्या मालकांनी शेळगावहून आणून लावलेलं ते झाड. मालक वारल्यावर त्यांच्या हातचं तेवढंच राहिलं होतं. "माज्या लिंबाला काय हुणार न्हाय ना?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो.

दोन उन्हाळे बाग चांगली राहिली. नंतरच्या वर्षी मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि उघडलाच नाही. आत्याचा फोन आला, "आळ्यात पाणी थांबलंय, येतोस का?" कामातून सुटून मी चौथ्या दिवशी पोचलो. तात्यांनी तोवर कुदळीनं चर उकरायला घेतला होता. मी दुसरी कुदळ घेतली. संध्याकाळपर्यंत पाणी वाहून गेलं.

लिंबाची पानं पिवळी पडली, खोडातून डिंक आला. दिवाळीपर्यंत झाड वाळलं. आत्यानं ते तोडू दिलं नाही; अजून तसंच उभं आहे.

मला तिनं बोल लावला नाही. पण यंदा तिनं नवं रोप आणलं. ते कुठं लावायचं हे तिनं तात्यांना विचारलं. मी तिथंच ओट्यावर चहा पीत बसलो होतो.