कपार भरायला गेलेला माणूस

मंगळवारी सकाळी नाल्याची दरड कोसळली आणि प्रल्हाद तिच्याखाली गेला. दुपारी मला लायब्ररीत फोन आला. संध्याकाळी तांड्यावर सगळं आटोपलं.

त्याला आता काही आठवडे झाले. मी सावकाश लिहिणारा माणूस, आणि हे लिहावं की नाही यातच बरेच दिवस गेले... पण त्याच्या मरणाबद्दल दुसरं कुणीतरी आधीच लिहून मोकळं झालं आहे आणि ते खोटं आहे. म्हणून लिहितो.

घाटंजीत माझ्या लायब्ररीसमोर प्रल्हादचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. काही वर्षांपूर्वी तांड्याजवळच्या नाल्यात त्याला एक दगड सापडला. दगडात बारीक बारीक शंख रुतलेले. त्यानं फोटो काढून इकडेतिकडे पाठवला आणि कुणीतरी त्याला फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. दगड झालेले शंख, दगड झालेलं लाकूड, हाडं शोधत रानोमाळ फिरणारी ही मंडळी. स्वतःला 'दगडशिकारी' म्हणवतात. इथं कधीकाळी तळं असावं, ते शंख त्यातले, हे प्रल्हादला त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी तो रस्ता ओलांडून धावत आला होता. "भाऊ, आपल्या तांड्याखाली तळं होतं म्हणते! अन् आपून टँकरची वाट पाहून राह्यलो!"

त्या ग्रुपनं त्याला पुष्कळ शिकवलं, हे नाकारायचं नाही. फोटो काढताना दगडाशेजारी नाणं ठेवायचं, म्हणजे आकार कळतो. दगड हातोडीनं हलकेच फोडायचा, टूथब्रशनं धुवायचा. जुनं हाड जिभेला चिकटतं, साधा दगड चिकटत नाही. हे कळल्यापासून प्रल्हाद दिसेल ते चाटून पाहायचा. सुमनवहिनी, त्याची बायको, माझ्यादेखत म्हणायची, "बाजारात आलू बी चाटूनच घेतीन हा माणूस आता!" आणि सगळ्यांत पक्कं शिकवलेलं एकच, ग्रुप चालवणारे एक सर ते सारखं सांगत: दरडीच्या पोटात शिरायचं नाही, तिला खालून पोखरायचं नाही, आपोआप खाली पडलेलं तेवढं उचलायचं. एका रविवारी मी सावलीसाठी दरडीला टेकलो तर प्रल्हादनं कॉलर धरून मला बाजूला ओढलं होतं. "सरायनं काय सांगतलं? तिथं बसाचं नाही म्हंजे नाही."

एक धडा मात्र त्यानं घेतला नाही. तिथले जुने लोक जागा कधी सांगत नाहीत. फोटो टाकतात, गाव लपवतात. प्रल्हादनं नाल्याचं लोकेशनच ग्रुपवर टाकलं. मी म्हटलं, हे बरं नाही केलंस. तो हसला. "ज्यायनं शिकवलं त्यायच्यापासूनच कायले लपवू? तुमाले पुस्तकं वाचू वाचू शंका घ्याची सवय लागली भाऊ."

ग्रुपमधले दोघे जीप घेऊन आले. दुकानात चहा प्याले, प्रल्हादनं त्यांना हौसेनं नाला दाखवला. पुढच्या आठवड्यात ते न सांगता परत आले, तांड्यातल्या बायांनी तीच जीप पाहिली, आणि शंखांचा थरच्या थर पहारीनं खालून काढून घेऊन गेले. मागे उरली खोल कपार आणि वर लोंबणारी माती. प्रल्हादनं कुणाचं नाव न घेता ग्रुपवर विचारलं, कोणी नेलं? एका सभासदानं नुसता अंगठा पाठवला. अंगठा!

त्यानंतर मी त्याला हसताना फारसं पाहिलं नाही. शंख गेले याचं त्याला वाईट वाटलं, पण ते बोलणं लवकर संपलं. त्याच्या डोक्यात कपारच होती. "उन्हाचं तांड्यातल्या बाया बकऱ्या घेऊन तिथंच बसते. पडली त काय करतं?" रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो टोपलं घेऊन जायचा आणि कपारीत दगड रचायचा. जिथं शिरायचं नाही हे तो मलाही बजावत होता, तिथं.

तो गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी सरांनी ग्रुपवर लिहिलं: नवीन सभासदांसाठी धडा. लोभापायी दरडीखाली खोदू नका. आपले एक बंधू त्यात गेले. खाली हात जोडलेले, फुलं वाहिलेली. जीपवाल्या दोघांचीही फुलं होती.

सुमनवहिनीनं माझ्याकडे ठेवायला दिलेल्या प्रल्हादच्या फोनवरून मी लिहिलं, तो खोदत नव्हता, तुमच्यातल्या दोघांनी पोखरलेलं भरत होता. ते लगेच पुसलं गेलं आणि त्याचा नंबरही काढून टाकला. मग त्याच फोनवर सरांचा फोन आला. "गेलेला माणूस काही परत येत नाही साहेब. ग्रुपचं नाव कशाला खराब करता?"

"आणि प्रल्हादचं झालेलं चालतं?"

त्यांनी फोन ठेवला. ज्या माणसानं यांचा नियम कुणाहीपेक्षा जास्त पाळला, त्याला यांनी नियम मोडणाऱ्यांचं उदाहरण केलं, आणि ज्यांनी मोडला ते खाली फुलं वाहत होते. माझा आवाज कधी चढत नाही, पण त्या दिवशी वाचकांनी पेपरातून मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

सुमनवहिनीला मी तो मजकूर वाचून दाखवणार नव्हतो, पण तांड्यावरच्या कुणीतरी दाखवलाच. ती एवढंच म्हणाली, "हातोडी त घरी हाये, भाऊजी. खुटीले. पाहून घ्या म्हनाव कोनी बी."

परवा वहिनी आणि मी नाल्यावर गेलो. दरडीचा उजवा भाग कोसळला आहे. डावीकडची कपार प्रल्हादनं तळापासून वरपर्यंत दगडांनी भरली होती. तेवढी दरड उभी आहे.