दुसरा बँजो

आमचा मामा कपड्यांवरचे डाग काढायचा. तोच त्याचा धंदा आणि तोच त्याचा स्वभाव. शाई, ग्रीस, गंज, चहा, कशालाच तो दाद द्यायचा नाही. आपण बोलायला लागलो की त्याची नजर आपल्या तोंडाकडे नाही, कॉलरकडे जायची. माझ्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत आणि मामा एकटा माझ्या नवऱ्याच्या बाहीकडे बघतोय. खोटं वाटत असेल तर फोटो दाखवते.

खाली ड्रायक्लीनिंगचं दुकान, वर घर आणि घराच्या पुढच्या खोलीत त्याचे बँजो. दुकानातलाच एक लोखंडी दांडा त्याने तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बसवला होता आणि गिऱ्हाइकांचे कोट टांगावेत तसे बँजो ओळीने टांगले होते. प्रत्येकाला दुकानातलीच नंबराची चिठ्ठी टाचलेली. मामी म्हणायची, "बघ, एवढे कपडे धुऊन तयार आहेत आणि न्यायला कोणी येत नाही."

हे बँजो जुन्या घाटाचे होते. डफासारखं गोल कडं, त्यावर ताणलेलं पातळ कातडं, लांब दांडी आणि पाच तारा. पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांडीच्या अर्ध्यावरच बाजूला बाहेर आलेली. नवखा माणूस ती हमखास दारात अडकवतो. नखी वगैरे काही लावायचं नाही, नुसत्या बोटांनी वाजवायचा. आणि तारा नायलॉनच्याच हव्यात. कोणीतरी हौसेने पोलादी तारा चढवतो, मग ताणाने दांडी वाकते. तसा वाकलेला बँजो हातात आला की मामाचं तोंड असं व्हायचं, जसं काही कोणी लोकरीचा कोट उकळून आणलाय.

रविवारी सकाळी मंडळ जमायचं. दातांचे डॉक्टर, शाळेतल्या गणिताच्या बाई, आणि बंदरातल्या गोदामातून निवृत्त झालेले एक कारकून. या कारकुनांनी जन्मात जहाजावर पाय ठेवला नव्हता, म्हणून सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचे. हे लोक बँजो वाजवत कमी आणि बँजोबद्दल बोलत जास्त. ही खुंटी मूळची की मागाहून बसवलेली, यावर चहाच्या दोन फेऱ्या सहज व्हायच्या. डॉक्टर कातड्यावर टिचकी मारून कान लावायचे, तेव्हा आपणच आ करावा असं वाटायचं. मामाला या कंपूत मान होता, कारण जुनं कातडं उतरवून नवं ओलं कातडं कड्यावर चढवावं तर त्यानेच. कातडं ताणून धरणारे कड्याभोवतीचे आकडे तो असे थोडे थोडे आवळायचा की कुठे सुरकुती नाही, कुठे झोल नाही.

वाजवायची खरी ती मामी. तिच्याकडे एकच बँजो होता, वडिलांनी दिलेला, कुठल्या कारखान्याचा ते लिहिलेलंही नव्हतं. मंडळाच्या हिशेबी तो बँजो बिनमहत्त्वाचा. पण मामी भांडी आवरून, हात पुसून बसली आणि करंगळी कातड्यावर टेकवून तिने सुरुवात केली की खुंटीवरचा वाद तिथेच थांबायचा. या पद्धतीत करंगळी कातड्यावर टेकवतातच, हाताला आधार म्हणून. मामीची करंगळी इतकी वर्षं एकाच जागी टेकून तिथे तपकिरी डाग पडला होता आणि बोटापुरता खळगा.

"दे इकडे, पाच मिनिटांत काढतो," मामा चिडवायचा.

"हात लावून तर बघा," मामी म्हणायची.

मामीचं मामाकडे एकच मागणं होतं. तिच्या आवडीचा एक तुकडा दोन बँजोंसाठी लिहिलेला होता. पहिल्याकडे चाल, दुसऱ्याकडे साथ. साथ अवघड नव्हती, आणि मामाला वाजवता येत नव्हतं असंही नाही, तोडकंमोडकं यायचं. दर रविवारी मामी दोन स्टँड मांडायची, दुसऱ्यावर साथीचा कागद लावायची आणि म्हणायची, "अहो, बसा ना आज."

"एवढा एक जुळवतो आणि बसतोच," मामा म्हणायचा. त्याच्या मांडीवर कायम कुठला तरी उघडा बँजो असायचा आणि दातांत स्क्रू. तो एक जुळला की कॅप्टन दुसरा घेऊन यायचे. मग मामी एकटीच वाजवायची. त्या तुकड्यात मध्ये एक जागा आहे, तिथे साथ थांबते आणि पहिला बँजो एकटाच चालतो. मामी हसून म्हणायची, "इथे मात्र तुमचं अगदी बरोबर जमतं हं." मामाही हसायचा. माझा मामा दुष्ट नव्हता. बायको घरातच आहे, कागद स्टँडवरच आहे, जातोय कुठे, असं त्याला मनापासून वाटत होतं. मला त्याचा राग येतो तो याचाच.

मामी आजारी पडली आणि हॉस्पिटलात बरेच दिवस राहिली. मी दुपारी जायची, मामा दुकान बंद करून संध्याकाळी. एकदा माझ्यादेखत ती त्याला म्हणाली, "घरी आले की बसायचं बरं का. आता सबबी नाहीत." मामाने तिचा हात धरून मान डोलावली.

आणि घरी जाऊन त्याने काय करावं? साथीचा कागद काढून चार दिवस बोटं फिरवली असती तर पुरे होतं. पण माणूस घाबरला की जे हाताला येतं तेच करतो. मामीच्या बँजोचं कातडं दमट हवेत सैल पडलं होतं, आवाज बसला होता. ती येईपर्यंत तो बँजो नव्यासारखा करायचा, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने जुनं कातडं उतरवलं, नवं भिजवून चढवलं, सुकू दिलं, आकडे आवळले, पितळ घासून लखलखीत केलं. माझ्यासमोर त्याने तो उजेडात धरला तेव्हा त्यावर एक ठिपका नव्हता. मला खटकलं का? नाही. मीसुद्धा म्हणाले, "मामा, काय सुंदर दिसतोय!"

मामी घरी आली ती निम्मी होऊन. मामाने तिला खिडकीपाशी बसवलं, पाठीला उशी दिली आणि बँजो मांडीवर ठेवला. तो तिच्याकडे असा बघत होता, जसा पोरगा प्रगतिपुस्तक दाखवून बघतो. मामीने तारा जुळवल्या, हात वर आणला आणि करंगळी टेकवली. करंगळी सरकली. तिने पुन्हा टेकवली. मग मान वाकवून कातड्याकडे नीट पाहिलं. गुळगुळीत, पांढरंशुभ्र, कोऱ्या कागदासारखं.

"जुनं कुठंय हो?"

"फेकलं. काही उरलं नव्हतं त्यात, सैल पडलं होतं."

मामीने करंगळी कातड्यावरून एकदा फिरवली. मग म्हणाली, "छान केलंत." दोनचार सूर छेडले. आवाज खणखणीत होता, खोलीभर घुमला. "आज हात दुखतोय. उद्या बसू या," ती म्हणाली. मामाला तेव्हा कळलं. कसं कळलं सांगू? तो खाली गेला आणि दुकानामागचं कचऱ्याचं पिंप उपसत बसला. त्या कातड्याबरोबरचा कचरा केव्हाच गेला होता. वर आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत मळलेले होते, आणि हा माणूस तसाच खुर्चीत बसला.

तिने पुढे कधी तो विषय काढला नाही. उद्या बसू म्हणायची आणि थकून झोपायची. महिना झाला नाही तोच मामी गेली.

नंतर मंडळाने ठरवलं, एका रविवारी नेहमीसारखं जमायचं आणि मामीच्या आठवणीसाठी वाजवायचं. त्याआधी मामा गणिताच्या बाईंकडे शिकायला जात होता, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. बाई त्याला शाळेतल्या मुलांसारखं झापायच्या म्हणे. त्या सकाळी मामाने स्वतः दोन स्टँड मांडले, दोन्हींवर कागद लावले. पहिल्यापुढच्या खुर्चीवर मामीचा बँजो ठेवला.

डॉक्टर भले माणूस. ते म्हणाले, "मी घेऊ का पहिला? चाल येते मला."

"नको डॉक्टर," मामा म्हणाला. "रागावू नका. पण नको."

आणि त्याने साथ सुरू केली. नुसती साथ. चाल नाहीच, खालचे ठोके तेवढे, टुंग टक टक, टुंग टक टक. ज्याला तो तुकडा माहीत नाही त्याला वाटलं असतं, हा माणूस काय मूर्खासारखं एकच वाजवतोय. आम्हाला माहीत होता. कॅप्टन चष्मा काढून पुसत बसले.

मग ती जागा आली. मामाने तारांवर तळवा ठेवून आवाज बंद केला आणि तो थांबला. खोलीत काहीच वाजत नव्हतं. त्याचा पाय तेवढा ताल धरून हलत होता. आम्ही सगळे त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतो. शांतता संपेल की नाही असं मला वाटायला लागलं, तेवढ्यात मामाने हात उचलला आणि तो बरोबर ठोक्यावर आत आला.

झाल्यावर बाई म्हणाल्या, "एकदाही चुकला नाहीत."

"ती चुकायचीच नाही ना," मामा म्हणाला.

सगळे गेल्यावर त्याने मामीचा बँजो मांडीवर घेतला. वाजवला नाही. करंगळी कातड्यावर अलगद टेकवली. इकडे तिकडे हलवून पुन्हा टेकवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"इथेच होता ना गं डाग?"

"जरासा खाली," मी म्हणाले.

त्याने बोट खाली सरकवलं. खरं तर मलाही नक्की आठवत नव्हतं.