बारा कार्डं एकदम मरत नाहीत

सोलापुरात विजापूर वेशीतल्या गुलनाजच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आधी आत डोकावतं आणि विचारतं, "मिस्त्री कुटं हायत?" सतरा वर्षं ती एकच उत्तर देते, "समोर बसलीय."

मैंदर्गीकडच्या एका शाळेचे गुरुराज सर दोन पोत्यांत बारा जुने लॅपटॉप घालून आले. देणगीत मिळालेले. एका अपडेटनंतर सगळ्यांचं वाय-फाय गेलं होतं.

"मोठ्या दुकानात दाखवलं की, मॅडम. वाय-फायची कार्डं जळाली म्हणाले, भंगारात घाला."

"बाराही? एकाच दिवशी? सर, साथीतसुद्धा अख्खं घर एकदम जात नाही. ठेवून जा."

तीन दिवस तिने दुसरं काम हातात घेतलं नाही. सुरू होताना लॅपटॉप काय काय करतो याची नोंद तो स्वतःच ठेवतो. ती तिने ओळ न् ओळ वाचली. कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कार्डाला हाक मारायचा आणि लगेच उत्तर आलं नाही की नाद सोडायचा. जुन्या कार्डांना जागं व्हायला जरा वेळ लागे, आणि नव्या अपडेटने नेमकी तेवढी सवड काढून टाकली होती. तिने ड्रायव्हर हाताने बंद करून पुन्हा चालू केला. स्क्रीनवर शेजारपाजारच्या वाय-फायची नावं आली. कार्ड धडधाकट होतं.

लॅपटॉपवर लिनक्स ही खुली प्रणाली होती, त्यामुळे ड्रायव्हरचा कोड कुणालाही बदलता येत होता. तिने त्यात अर्धा सेकंद थांबायची ओळ घातली. बाराही लॅपटॉप चालू झाले.

ही दुरुस्ती ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना पाठवायचं तिने ठरवलं, तेव्हा धाकटा भाऊ तन्वीर म्हणाला, "आपा, माझं नाव घाल. मी इंजिनिअर आहे. दहावी झालेल्या बाईचं कोण ऐकतंय?"

"नाही ऐकलं तर नाही. नाव माझंच जाईल."

त्यांचं उत्तर आलं, तुमची कार्डंच खराब असतील. गुलनाजने बाराही लॅपटॉपच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी जोडल्या आणि लिहिलं, "यातलं खराब कुठलं, बोट ठेवून दाखवा."

नवव्या दिवशी दुरुस्ती मान्य झाली, एका बदलासह: उगाच अर्धा सेकंद थांबायचं नाही, कार्ड उत्तर देईपर्यंतच थांबायचं. ते तिलाही पटलं. नाव कसं लिहायचं, असं त्यांनी विचारलं होतं.

तिने पूर्ण कळवलं, गुलनाज हुसेनसाब बागवान. गाव लिहायची तिथे रीत नव्हती. तिने पुढे सोलापूर लिहिलं.