चित्र नसलेला शब्द

शाळेतली पोरं तिला तोंडावर 'बाई' म्हणायची आणि पाठीमागं 'पोतडीबाई'. प्राथमिक शाळेचं ग्रंथालय तिच्याकडे होतं, आणि पोतडी म्हणजे जुन्या पडद्याची शिवलेली एक ढगळ पिशवी. त्या पिशवीत काय नव्हतं ते विचारा. चित्रांची कार्डं, शब्दांच्या पट्ट्या, मोज्यांच्या बाहुल्या, बोटात घालायच्या कागदी टोप्या, एक फुटकी घंटा. गोष्ट वाचायच्या आधी त्या गोष्टीतली एखादी वस्तू पोतडीतून बाहेर यायची, आणि जी पोरं एरवी कुणाच्या बापाला ऐकत नाहीत ती चिडीचूप व्हायची.

ग्रंथालय म्हटलं की लोकांना कुलूपबंद कपाटं आणि 'शूऽऽ' करणारी आंबट चेहऱ्याची बाई दिसते. लोकांचं काय घेऊन बसलात, लोकांना काहीही दिसतं. हिच्या कपाटांना कुलपंच नव्हती. पुस्तकांच्या पाठीवर रंगीत चिकटपट्ट्या होत्या, प्राण्यांच्या गोष्टींना हिरवी, भुतांच्या गोष्टींना काळी, हसायच्या गोष्टींना पिवळी, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही पुस्तक जागच्या जागी ठेवता यावं. कोपऱ्यात 'पुस्तकांचा दवाखाना' होता. फाटलेलं पुस्तक तिथं भरती व्हायचं, आणि ज्यानं फाडलं त्यानंच डिंक लावून त्याची मलमपट्टी करायची. आसपासच्या शाळांतल्या ग्रंथपाल बाया हे सगळं बघायला यायच्या. त्यांना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. आधी वस्तू हातात द्या. मग तिचं चित्र दाखवा. मग चित्राखाली शब्द ठेवा. आणि शेवटी चित्र हळूच काढून घ्या. शब्द एकटा उभा राहिला की पोर वाचायला लागलं असं समजा.

"पण बाई, सगळ्या शब्दांना चित्रं कुठून आणायची?" एका नवख्या बाईनं एकदा विचारलं. "आता 'पण' याच शब्दाचं चित्र काय काढू मी?"

"काढूच नका," ती म्हणाली. "असले शब्द बोलण्यातून येतात. माणसं एकमेकांशी बोलताना ऐकली की येतात."

बाया हसल्या, तीही हसली. पुढं काय वाढून ठेवलंय हे कुणाला कळतं?

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. बोलघेवडा माणूस. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता त्याच्या सासरची खबर काढायचा. दिवसभर पोरांशी बोलून हिच्या घशाला कोरड पडायची, म्हणून घरी तो बोलायचा आणि ही ऐकायची. एका दुपारी हातात काच असतानाच तो दुकानात कोसळला. जीव वाचला. हात-पाय वाचले. वाचा मात्र गेली. दवाखान्यातून घरी आला तो जेवत होता, चालत होता, खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत होता, आणि तोंडाला कुलूप.

बोलण्याचे व्यायाम शिकवणारी एक तरुण डॉक्टर होती. तिनं आडपडदा ठेवला नाही. "शब्द येतील परत. कुठले आधी येतील ते मला सांगता येणार नाही. आणि मेंदूतल्या ओळखीच्या जागेलाही धक्का बसलाय. माणूस दिसेल त्यांना, पण तो आपला कोण, हे कळेलच असं नाही."

"मला एकच शब्द हवाय," ती म्हणाली.

डॉक्टरला वाटलं ही स्वतःचं नाव म्हणतेय. छे हो. नाव घेऊन त्यानं तिला उभ्या आयुष्यात हाक मारली नव्हती. लग्न झाल्यापासून नुसतं 'अगं'. सकाळी 'अगं, टॉवेल', रात्री 'अगं, दिवा'. रागात असला की ते आखूड यायचं, लाडात असला की लांबायचं. भांडण झालं की 'अगं' बंद, आणि दोन दिवसांनी कुठून तरी 'अगं, ऐकलंस का' आलं की समजायचं मिटलं. जगात इतक्या बायकांना इतके नवरे 'अगं' म्हणतात, पण हा 'अगं' म्हणजे ती एकटी. तो एकदा यावा. मग बाकी सगळं गेलं तरी तिची तक्रार नव्हती.

मग तिनं पोतडी घरी आणली. पेला, दार, खुर्ची, कंगवा, एकेक वस्तू हातात, मग चित्र, मग शब्द. तो कार्डाकडे बघायचा, तिच्याकडे बघायचा, ओठ हलवायचा, आणि घाम फुटायचा त्याला. ज्या माणसाच्या बोलण्याला कंटाळून शेजारी खिडक्या लावून घ्यायचे, तो 'पेला' म्हणताना रडायचा. ती रडायची नाही. पहिलीच्या वर्गासमोर रडून चालत नाही, ही सवय कामाला आली.

पण दिवसभर त्याला बघणार कोण? मुलगा दूर नोकरीला, पैसे पाठवायचा आणि फोनवर 'आई, धीर धर' म्हणायचा. धीर काय धरायची वस्तू आहे? शेवटी ती मुख्याध्यापिकेकडे गेली.

"शाळा आहे ही, बाई," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पाहुण्यांना बसवायची सोय नाही."

"पाहुणे नाहीत ते. पहिलीत बसतील."

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तो चष्मा त्यानंच बनवून दिलेला होता. "कोपऱ्यात बसवा. आणि कुणा पालकाची तक्रार आली तर मी तुमची बाजू घेणार नाही, हे आत्ताच सांगते."

तक्रार कुणाची आली नाही. पोरांना तर तो आयताच सापडला. इतके दिवस त्यांनाच सगळे शिकवायचे, आता त्यांना शिकवायला कुणीतरी मिळालं. वेण्या घातलेली एक चिमुरडी त्याच्यापुढं कार्ड धरून कंबरेवर हात ठेवायची. "आजोबा, असं नाही. नीट बघा. काय आहे हे?" तो म्हणायचा, "पे... पेला." आणि अख्खा वर्ग टाळ्या वाजवायचा. जे घरी रडून होत नव्हतं ते इथं हसून व्हायला लागलं. दार आलं, खुर्ची आली, कंगवा आला. ती बघत राहायची आणि मनात म्हणायची, येईल, तोही येईल.

एका सकाळी त्यानं करंगळी वर केली, पोरं करतात तशी, आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "बाई."

कार्ड नाही, चित्र नाही, आपणहून. तिच्या हातातली बाहुली खाली पडली. त्या दिवशी तिनं पोरांना गोष्ट दोनदा वाचून दाखवली, आणि संध्याकाळी जिन्यात शेजारणीला थांबवून सांगितलं, "आज हाक मारली मला." खरंच सांगते, वेडी झाली होती ती आनंदानं. त्या शब्दात काय भरलंय हे तिला दोन दिवसांनी कळलं. घरच्या स्वयंपाकघराच्या दारात तो करंगळी वर करून उभा होता, तिची परवानगी मिळेपर्यंत पाय अवघडून उभा होता. स्वतःच्या घरात.

मध्येच नणंद भेटायला आली. त्याची धाकटी बहीण. तिला बघताच तो खुर्चीतून अर्धा उठला आणि म्हणाला, "चिमे."

लहानपणचं हाकेचं नाव. नणंद त्याच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. ही चहाचा ट्रे घेऊन उभी. त्या घटकेला तिला नणंदेचा राग आला, सरळ सरळ राग, दोष नसलेल्या माणसाचा येतो तसला.

"वहिनी, तुलाही ओळखेल गं," नणंद डोळे पुसत म्हणाली. "जुनं आधी येतं म्हणतात."

"मग मी काय काल आले का?" ती म्हणाली आणि चहा ठेवून आत गेली.

मग तिला नवख्या बाईला दिलेलं आपलंच उत्तर आठवलं. चित्र नसलेले शब्द बोलण्यातून येतात. तिनं दोन मोजे शिवले. एक बाई, एक माणूस. माणसाच्या नाकावर तारेचा चष्मा. रोज तासाच्या शेवटी दोघांचं बोलणं. "अगं, माझा चष्मा कुठाय?" "अहो, नाकावर बघा." "अगं, खरंच की." पोरं हसून लोळायची. तोही हसायचा, मान डोलवायचा, बाहुलीकडे बोट करून म्हणायचा, "चष्मा." आठवडाभरात सगळी शाळा 'अगं, अगं' करायला लागली. पोरं पोरींना म्हणायची, पोरी शिपायाला म्हणायच्या, एक पठ्ठ्या तर मुख्याध्यापिकांना म्हणाला आणि कान पिळून घेतला. एक तोच तेवढा म्हणत नव्हता.

बाकी बोलणं मात्र सुधारत चाललं. दोन शब्द एकत्र आले, मग तीन. डॉक्टर चकित झाली. तिनं कार्डांचे, बाहुल्यांचे फोटो काढून घेतले, दुसऱ्या रोग्यांना उपयोगी पडतील म्हणाली. ग्रंथपाल बाया पुन्हा आल्या, त्यांनी पट्ट्या उतरवून घेतल्या, कौतुक केलं. तिनं सगळ्यांना सगळं दिलं. कौतुकाचं तिला लोणचं घालायचं होतं का?

आणि एका संध्याकाळी त्याचं पहिलं पुरं वाक्य आलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, दोन्ही हात पाठीशी.

"बाई, मला घरी सोडता का? घरी वाट बघत असतील."

हातातला सदरा तिनं पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. आयुष्यभर 'तू' ऐकलेली ती आता 'तुम्ही' झाली होती. हेच तुमचं घर, असं सांगायला तोंड उघडलं तिनं. पण त्याच्या चेहऱ्यावर पहिलीतल्या पोराच्या चेहऱ्यावर शाळा सुटायच्या वेळी असतं ते होतं, आणि त्या चेहऱ्याला 'नाही' म्हणायला ती कधी शिकलीच नव्हती.

"चला, सोडते," ती म्हणाली.

तिनं त्याला चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं, हात धरून जिना उतरवला. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानापर्यंत ती दोघं गेली. दुकान बंद झालं होतं. तिथून वळून परत आली, जिना चढली, तिनं कुलूप काढलं. तो उंबऱ्यात थांबला, खोली बघितली, आणि त्याचा चेहरा असा उजळला की तिला बघवेना. आपल्या खुर्चीत जाऊन बसला, पाय लांब केले.

"आलं घर," तो म्हणाला. "फार उपकार झाले, बाई. तुम्ही निघा आता. तुमच्याही घरी वाट बघत असतील."

कुठल्या पोतडीत याचं उत्तर असतं? ती "बरं, येते" म्हणाली, बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. जिन्यात दिवा नव्हता. कठड्याला धरून ती उभी राहिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तोंडात पदर कोंबून, रडली.

तेवढ्यात आतून आवाज आला.

"अगं..."

आखूड नाही. लांबलेला, लाडातला, पूर्वी दुकानातून खुशीत घरी आल्यावर यायचा तोच. तिनं दार ढकललं आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "ओ. आले."

तो आतल्या खोलीकडे तोंड करून बसला होता. दाराचा आवाज ऐकून वळला. तिला बघून जरासा गोंधळला, मग सावरून बसला.

"बाई, काही राहिलं का तुमचं?"

तिनं नुसती मान हलवली.

"बसा, बसा. उभ्या का?" तो म्हणाला, आणि पुन्हा आतल्या खोलीकडे वळून त्यानं हाक मारली. "अगं, बाई आल्यात. पाणी आण."

आत कोणी नव्हतं. तो वाट बघत राहिला. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून तिच्याकडे बघून ओशाळं हसला.

ती आतल्या खोलीत गेली, पेला भरला आणि बाहेर आली. त्यानं तो तिच्या हातातून घेतला आणि अदबीनं तिच्याच पुढं केला.

"घ्या, बाई."

ती त्याच्यासमोर बसली आणि पाणी प्याली.