रामनगरात मरायचं नाही

माझे भावोजी वेणीमाधव यांनी चौतीस वर्षं वाराणसी स्टेशनच्या खिडकीवर बसून तिकिटं दिली. हावडा, जम्मू, मद्रास, जो मागेल त्याला मागेल ते. स्वतः मात्र एकेचाळीस वर्षांत त्यांनी काशीबाहेर एक रात्र काढली नव्हती. तीनदा बढती आली, तिन्ही वेळा तिच्यासोबत बदली होती, म्हणून तिन्ही वेळा ती नाकारली. मुलीचं, संपदाचं, लग्न ठरलं तेव्हा पुण्याचं अख्खं वऱ्हाड इकडे बोलावलं. पोरीचं घर कसं आहे, स्वयंपाकघरात उजेड येतो का, हे माझी बहीण गीता एकटी जाऊन बघून आली आणि येऊन यांना सांगितलं. यांनी डोळे मिटून ऐकलं.

याला कारण होतं. भावोजींच्या वडिलांचा जन्म काशीतला, सगळं आयुष्यही काशीतलं. इथे मरण आलं की माणूस सुटतो, या भरवशावर ते जगले. सत्तराव्या वर्षी भाचीच्या लग्नाला निघाले, गाडीत छातीत कळ आली, लोकांनी भुसावळला उतरवलं आणि तिथल्याच इस्पितळात ते गेले. त्या दिवसापासून भावोजींच्या आईने एकच वाक्य धरलं, "सत्तर वर्षं काशीत राहिले आणि मरायला भुसावळला गेले." मरेपर्यंत ती ते म्हणत होती. भावोजी तेव्हा तीस वर्षांचे. त्यांनी नेम केला की सूर्य मावळल्यावर काशीच्या बाहेर असायचं नाही.

मी मूळचा नाशिकचा. बँकेने बदली केली म्हणून इथे आलो आणि बहिणीच्या शेजारीच राहिलो. त्यामुळे या नेमाची चेष्टा करण्याचा पहिला मान माझा.

"भावोजी, यमदूत दुपारी आला तर?"

"दुपारी मी होशियार असतो, उल्हासराव."

कपाटात त्यांची एक पत्र्याची पेटी होती. तीत कोरं धोतर, गंगाजळाची कुपी, तुळशीची माळ आणि कुणाकुणाला फोन करायचा त्याची यादी, सुरेख अक्षरात. माझं नाव तिसरं होतं. पहिलं का नाही, यावरून मी दोन दिवस फुगून बसलो होतो. पण मरणाची एवढी जय्यत तयारी करणाऱ्या या माणसाने आपला हर्निया मात्र सहा वर्षं पट्ट्याखाली दडवून ठेवला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एका दिवसाचं काम आहे, करून टाका. हे म्हणाले, उन्हाळा संपू दे. मग म्हणाले, श्राद्धपक्ष होऊ दे. असे सहा उन्हाळे संपले.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी होती. आमच्या घरांत चातुर्मास लागला की वांगं बंद, ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरताचा नैवेद्य दाखवूनच पुन्हा सुरू. आणि भरताचं वांगं म्हणजे रामनगरचंच. तिकडे त्याला भंटा म्हणतात. फिकट हिरवा, माणसाच्या डोक्याएवढा, आत बी जवळजवळ नाहीच. भावोजी दर वर्षी स्वतः निवडायला जात, कारण मी आणलेलं वांगं त्यांना कधीच पसंत पडलं नाही.

रामनगर म्हणजे गंगेच्या पलीकडचं गाव. पुलावरून वीस मिनिटांचा रस्ता. पण काशी ती फक्त या तीरावर. पलीकडे ज्याला मरण येतं तो पुढच्या जन्मी गाढव होतो, असं सगळं बनारस चेष्टेत म्हणतं, आणि म्हणता म्हणता थोडं मानतंही. भावोजी दुपारी जायचे आणि ऊन कलायच्या आत परतायचे.

त्या दिवशी आम्ही दोन वाजता बाजारात पोचलो. भावोजींनी अर्धा तास वांगी वाजवून, उलटीपालटी करून सहा निवडली. पिशवी मी उचलतो म्हटलं तर ऐकेनात. त्यांनी ती उचलली आणि तिथेच खाली बसले.

मला आधी वाटलं पाय मुरगळला. पण मग त्यांचा चेहरा पाहिला. घामाने डबडबले होते, ओठ पांढरे. मांडीच्या सांध्यावर हात दाबून धरला होता आणि तोंडातून नुसता "आई, आई" असा आवाज. मग त्यांना उलटी झाली. वांगीवाल्याने हातगाडी तशीच सोडली, एक ई-रिक्शा थांबवली आणि आम्हाला जवळच्या एका लहानशा खाजगी इस्पितळात नेलं.

तिथल्या सर्जन बाई पस्तिशीच्या, रामनगरच्याच. त्यांनी पट्टा सोडून पाहिलं. जागा लाल झाली होती, दगडासारखी कडक. मला बाजूला घेऊन त्यांनी हिंदीत सांगितलं की आतडं अडकलंय, त्याचा रक्तपुरवठा तुटत चाललाय. आत ढकलायला जाणं धोक्याचं. तासाभरात उघडलं तर वाचेल, उशीर झाला तर आतडं सडेल आणि मग माणूसही हातचा जाईल.

भावोजींनी ते ऐकलं. दुखण्याने कान बंद होत नाहीत.

"उल्हासराव, मला पार घेऊन चला. तिकडे कुठेही दाखल करा. इथे नाही."

मी चौकशी केली. पुलावर एका ट्रकचा आस तुटला होता, मागे दोन लग्नांच्या वराती अडकल्या होत्या, गाड्या दोन्ही बाजूंनी ठप्प. गीताला इस्पितळात पोचल्या पोचल्या कळवलं होतं; आता फोन केला तर ती रिक्षात, त्याच पुलाच्या त्या टोकाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ले जाना चाहें तो ले जाइए, मैं रोकूँगी नहीं। पर मेरे पिताजी होते तो मैं न ले जाती।"

कागद पुढे आला. भावोजींनी हात मागे घेतला.

"यहाँ नहीं। यहाँ मर गया तो..."

पुढचं त्यांनी गिळलं, पण बाईंना कळलं. त्या चिडल्या नाहीत. इंजेक्शन भरता भरता म्हणाल्या, "बाबूजी, मेरे दादा यहीं मरे। दादी भी। दादा चालीस साल स्कूल में पढ़ाते थे। हम रामनगरवाले और कहाँ मरें?"

भावोजींनी मान खाली घातली. मी त्यांना ओळखतो. त्यांना लाज वाटली, खूप लाज वाटली. पण हात काही पुढे आला नाही. एकेचाळीस वर्षांची भीती लाजेने हटत नाही. घड्याळात साडेतीन वाजत आले होते आणि मला त्या माणसाचा इतका राग आला की वाटलं, दोन लगावून द्याव्यात. हा माझ्या बहिणीचा नवरा तिच्या नजरेआड एका शब्दापायी मरणार, आणि मी पिशवीतली वांगी धरून बघत बसणार!

मी गीताला परत फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. आवाज मोठा होता, सगळ्या खोलीने ऐकलं.

"अहो, ऐकताय?"

"गीता, इथे रात्र होईल."

"होऊ दे. तिथे मेलात तर गाढव व्हाल, हेच ना?"

भावोजींनी डोळे घट्ट मिटले.

"मग मरू नका. झालं! एवढी सीधी बात आहे. काशीत असता तर मी म्हटलं असतं, बाबा, जशी देवाची मर्जी. पण रामनगरात तुम्हाला मरायची सोयच नाही. मग काय करणार? जगावंच लागेल ना!"

ती धापा टाकत होती. मागून भोंगे आणि वरातीचा बँड वाजत होता.

"एकेचाळीस वर्षं तुमचा नेम मी सांभाळला. आईला शेवटचं बघायला एकटी गेले. पोरीकडे एकटी गेले. कधी बोलले? आज माझा एक नेम तुम्ही सांभाळा. मरायचं नाही. मी येतेय. रिक्षा सोडली, पायी निघालेय."

भावोजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुखण्याचं होतं की दुसरं कशाचं, मी विचारलं नाही. त्यांनी पेन मागितलं. तशा वेदनेतही सही अशी केली की जणू आरक्षणाचा तक्ता भरतायत, एकेक अक्षर सुटं. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "डॉक्टर साहब, हमको यहाँ मरने की इजाज़त नहीं है।"

बाई हातमोजे चढवत म्हणाल्या, "मेरे यहाँ भी नहीं है।"

गीता पोचली तेव्हा ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद होऊन अर्धा तास झाला होता. पासष्ट वर्षांची बाई, अख्खा पूल चालून आलेली, एका चपलेचा अंगठा तुटलेला. ती बाकावर बसली आणि तुटकी चप्पल काढून ठेवली. बाहेर सूर्य मावळला. आम्ही दोघांनी तो मावळताना पाहिला आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं. मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं की चेष्टा करता करता मीही तो नेम थोडा मानायला लागलो होतो.

साडेपाचला बाई बाहेर आल्या. चेहऱ्यावरूनच कळलं. आतडं काळं पडायला लागलं होतं, गरम ओल्या कापडात धरल्यावर हळूहळू गुलाबी झालं, कापावं लागलं नाही. "बीस मिनट और होते तो कहानी दूसरी होती," त्या म्हणाल्या. गीताने त्यांचे दोन्ही हात धरले आणि तिला जे रडू फुटलं ते बाईंनाही आवरलं नाही.

भावोजींना शुद्ध आली तेव्हा त्यांनी आधी स्वतःचा कान चाचपला. खोटं नाही सांगत, मी पाहिलं. कान जागच्या जागी होता, माणसाचाच होता. मी हसलो तर म्हणाले, "मस्करी नका करू, टाके दुखतात." आणि स्वतःच हसले आणि कळवळले.

चार रात्री त्यांनी रामनगरात काढल्या. चंपाषष्ठीला गीताने डॉक्टरीणबाईंच्या आईच्या चुलीवर ती सहा वांगी भाजली आणि खंडोबाला नैवेद्य तिथेच दाखवला. इस्पितळातल्या सगळ्यांनी भरीत खाल्लं. ज्यांनी निवडलं त्यांना फक्त नारळपाणी मिळालं, आणि त्यांनी वासावरून सांगितलं की मीठ कमी आहे. खरंच कमी होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते मला उठवून गच्चीवर घेऊन गेले, एक एक पायरी. दिवसा ते शेकडो वेळा इकडे आले होते, पण सकाळी सहाला कधीच नाही. उजाडलं आणि आमच्या पाठीमागून आलेलं ऊन सरळ पलीकडे काशीवर पडलं. लांबवर घाटांची सगळी ओळ हळद लावल्यासारखी पिवळी झाली. भावोजी बोट दाखवून म्हणाले, "तो अहिल्याबाई घाट. माझा दगड तिथे आहे, रोज आंघोळीला बसतो तो. त्याच्या अलीकडे राजा घाट." तेवढ्या अंतरावरून काही ओळखू येत नव्हतं, पण मी हो म्हटलं. ते कठड्याला धरून खूप वेळ उभे राहिले. "एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा पूर्ण दिसली," म्हणाले.

पाचव्या दिवशी घरी आणलं. गल्लीच्या तोंडाशी पानवाल्याने ठेल्यावरूनच हाक दिली, "का गुरु, दू गोड़ पर अइला कि चार पर?" दोन पायांवर आलास की चार? सगळी गल्ली कान देऊन उभी. भावोजी माझा खांदा सोडून एकटे उभे राहिले, धोतर जरा वर उचललं आणि गरजले, "गिन ला!" मोजून घे! मग जो हशा उसळला, टाळ्या झाल्या, कुणीतरी झेंडूची माळ त्यांच्या गळ्यात घातली. हर्नियाचं ऑपरेशन करून आलेल्या माणसाची अशी मिरवणूक मी दुसरी पाहिली नाही.

फाल्गुनात एके सकाळी ते मला स्टेशनवर घेऊन गेले. आपल्याच जुन्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिले. मोबाईलवर तिकीट मिळतं हे मी सांगितलं, तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मोबाईल खिशात ठेवला. फॉर्मवर तीन नावं होती, गीताचं पहिलं. गाव, पुणे.

गाडीत रात्रभर ते झोपले नाहीत. खिडकीशी बसून एकेक स्टेशन मोठ्याने वाचत होते. सतना. जबलपूर. इटारसी. चौतीस वर्षं ही नावं त्यांनी दुसऱ्यांना दिली होती. गीता मधूनच जागी होऊन म्हणायची, "झोपा की आता," आणि हे म्हणायचे, "खंडवा येऊ दे."

सकाळी भुसावळ आलं. ते उतरले. मीही मागोमाग उतरलो. फलाटावर नेहमीसारखी गर्दी, हमाल, केळीवाले. भावोजी एका खांबापाशी उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले. शेजारच्या फलाटावरून एक गाडी सुटत होती, दुसरी आत येत होती. त्यांनी डोळे उघडून त्या दोन्ही गाड्यांकडे पाहिलं. कुठली कुठे जाते हे त्यांना पाटी न वाचताही माहीत होतं.

"किती गाड्या आहेत इथून, उल्हासराव," ते म्हणाले. "बाबा इथे अडकून राहिले असतील असं मला उगीचच वाटत होतं."

सिग्नल झाला. गीता खिडकीतून ओरडली, "अहो, चढा!"

भावोजी धावत चढले.